संडासाकडची जागा

बॅरेक नंबर तीन.
पाटीवर क्षमता तीस, झोपणारे एकोणसत्तर.
जाळीच्या खिडकीखाली जुने,
पंख्याखाली पैसेवाले,
आणि नवीन आलेला संडासाच्या उंबऱ्याशी.
हा नियम कुठंच लिहिलेला नव्हता,
म्हणून तो कुणी मोडतही नव्हतं.

मी पतसंस्थेतला कारकून.
सही माझी होती, पैसे माझे नव्हते,
हे पहिले तीन महिने सगळ्यांना सांगत होतो.
मग कळलं, इथं प्रत्येकाकडं असं एक वाक्य आहे
आणि ऐकायला कुणी मोकळा नाही.

त्या वैशाखात सोलापूर असं तापलं
की रात्री दोनलाही भिंत म्हणजे तवा.
बिरू मलकारी तेव्हा आला. एकोणीस वर्षांचा,
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हेल्पर.
उंबऱ्याशी पडला.
रात्रभर लोक ओल्या पायांनी त्याला ओलांडायचे,
कधी न ओलांडता जायचे.
चौथ्या दिवशी त्यानं ताट परत केलं.
आम्ही पाहिलं. पाहून आपापली भाकरी मोडली.

विचारलं ते येमुल मामांनी.
चाळीस वर्षं मागावर बसून
एक खांदा दुसऱ्याहून खाली उतरलेला माणूस.
"अन्नं तिन्नावा?"
पोरगं गप्प.
"ऊट आय्तेनु?"
गप्प.
"जेवलास का बे?"
तिसऱ्या भाषेत ते फुटलं.

मामांनी फार काही केलं नाही.
खिडकीखालची आपली वळकटी उचलली,
उंबऱ्याशी टाकली,
म्हणाले, जा, झोप तिकडं.

दुसऱ्या रात्री लतीफ शाब्दी उठला.
त्याचं न् मामांचं महिनाभर भांडण, एका साबणावरनं.
"उठ म्हाताऱ्या, लई मोठा झालास का?"
आणि स्वतःच आडवा झाला तिथं.

तिसऱ्या रात्री कोण, यावर मात्र शिवीगाळ झाली.
शेवटी मला म्हणाले, तू हिशेबाचा माणूस, लिही.
विडीच्या बंडलाचे कागद जोडून एकोणसत्तर नावं लिहिली.
जुन्या सवयीनं माझं चोपन्नावं लिहिलं.
मामांना वाचता येत नव्हतं.
त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.
मी खोडलं. तिसरं लिहिलं.

पंख्याखालचा बाबू काळजे म्हणाला, मी नाही.
कुणी हात उगारला नाही.
त्याचं नाव खोडलंही नाही, एवढंच.
एकविसाव्या रात्री तो उशी घेऊन आला,
म्हणाला, पंख्याचा आवाज लई येतो बे.
आम्ही ते खरं मानलं.

आणि मग तो उंबरा,
ज्याच्याकडं बघायला नाक धरावं लागे,
रोज संध्याकाळी घासून निघू लागला.
फिनेलसाठी मनिऑर्डरवाल्यांनी पैसे काढले.
यात पुण्य वगैरे काही नव्हतं:
उद्या तिथं आपलं डोकं टेकणार होतं.

जेलरसाहेबांनी विचारलं, हे कुणी ठरवलं?
एकोणसत्तर जण खाली बघत राहिले.
साहेबांना ते कटासारखं वाटलं असावं.
चुकले नव्हते.

मामा एकदाच बोलले यावर, चहाचा ग्लास विसळताना.
धागा तुटला की माग थांबवायचा.
थांबवला नाही तरी चादर होतेच,
विकलीही जाते.
पण थंडीत ती तिथंच फाटते.

माझा जामीन झाला त्या दिवशी
यादीत दुसऱ्या फेरीची माझी पाळी होती.
संध्याकाळी नाव पुकारलं, मी चप्पल शोधत होतो,
आणि बिरू काही न बोलता
आपली वळकटी तिकडं ओढत होता.

आता घरी कॉटवर झोपतो, पंखा माझ्या एकट्याचा.
मध्यरात्री जाग येते.
अंधारात बोटं मोजतो: आज कुणाची?
बिरूची एक रात्र माझ्याकडं बाकी आहे.
बाहेर ती कशात मोजून द्यायची
ते मला अजून जमलेलं नाही.